विषय तोच ठेवा, क्रम बदला

पत्र

आम्ही सांगलीत आठ जणी दर महिन्याला एकीच्या घरी जमतो आणि एका पुस्तकावर बोलतो. यंदा वर्षभर आफ्रिकन-अमेरिकन लेखक वाचायचे असं मी सुचवलं आणि पहिलं पुस्तक म्हणून टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड' ठरवली. आठपैकी सहा जणींनी ती सुरुवातीच्या पानांतच बाजूला ठेवली. एक मैत्रीण म्हणाली, "यांचं सगळं लिखाण म्हणजे चाबूक आणि साखळदंडच असणार. दिवसभर राबून रात्री हे कशाला वाचायचं?" मला उत्तर सुचलं नाही. आमच्यात एकीला फक्त रहस्यकथा लागतात, एक विज्ञानकथांची वेडी आहे, एक हौशी रंगभूमीवर काम करते, एकीचा डबे पुरवण्याचा व्यवसाय आहे. एक जण प्रेमकथा सोडून काही वाचत नाही. माझी मुलगी नववीत आहे, तिलाही आमच्यात बसायचं असतं. इंग्रजी सगळ्यांना वाचता येतं, पण भरभर नाही. विषयच बदलू का?

— एक वाचक, सांगली

उत्तर

नमस्कार,

विषय बदलू नका. क्रम बदला.

'बिलव्हेड' सहा जणींनी ठेवून दिली यात त्यांचा काही दोष नाही. 1856 मध्ये मार्गारेट गार्नर नावाची गुलाम स्त्री केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून पळाली. पकडायला माणसं दारात आली तेव्हा मुलीला परत गुलामीत पाठवण्यापेक्षा तिने तिला स्वतःच्या हाताने मारलं. या घटनेवरून मॉरिसन यांना 1987 ची ही कादंबरी सुचली. पण ती गोष्ट त्या सरळ सांगत नाहीत. जे घडलं ते आठवायची पात्रांचीच तयारी नाही, त्यामुळे वाचकालाही ते तुकड्यातुकड्यांनी, उलटसुलट हाती लागतं. पहिली पन्नास पानं कोण जिवंत, कोण मेलेलं, हेच नीट कळत नाही. ही मुद्दाम केलेली रचना आहे आणि ती अफाट आहे, पण ज्या वाचकाला त्या लेखिकेचा आवाज आधी कुठेच ऐकायला मिळालेला नाही, त्याच्यावर ती भिंतीसारखी कोसळते. मॉरिसनच वाचायच्या असतील तर 1973 ची 'सुला' घ्या. दोनशेच्या आत पानं, दोन मैत्रिणींची गोष्ट, ओहायोतली डोंगरावरची एक वस्ती. एक चाकोरीत राहते, दुसरी सगळ्या चाकोऱ्या मोडते, आणि शेवटी प्रश्न उरतो की या दोघींतलं खरं नातं कोणतं होतं. आठ जणींच्या गटाला भांडायला इतका चांगला विषय क्वचित मिळतो.

आता तुमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते, कारण तो मला महत्त्वाचा वाटतो. ती जे म्हणते, त्यावर त्या लेखकांनी आपापसांत शंभर वर्षं वाद घातलेला आहे. 1937 मध्ये झोरा नील हर्स्टन यांची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' प्रसिद्ध झाली. तिच्यावर सगळ्यात कडक टीका केली ती रिचर्ड राइट या कृष्णवर्णीय कादंबरीकारानेच. या कादंबरीला ना विषय आहे ना संदेश, असा त्याचा रोख होता. का? तर तिच्यात गोऱ्यांच्या अन्यायाविरुद्धचा झगडा केंद्रस्थानी नव्हता. तिच्यात होती जेनी नावाची एक बाई, तिची तीन लग्नं आणि स्वतःच्या मर्जीने प्रेम करण्याची तिची धडपड. म्हणजे तुमची मैत्रीण तक्रार करते की फक्त दुःखच लिहितात, आणि हर्स्टनना ऐकून घ्यावं लागलं की पुरेसं दुःख लिहिलं नाही.

म्हणून पुढच्या बैठकीला हेच पुस्तक घ्या, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. या सगळ्या परंपरेतलं एकच पुस्तक जवळ ठेवायची परवानगी असती तर मी हेच ठेवलं असतं. हर्स्टन फ्लोरिडातल्या ईटनव्हिल गावात वाढल्या. त्या गावात महापौरापासून दुकानदारापर्यंत सगळे कृष्णवर्णीय होते. त्यांचे वडीलही काही काळ तिथले महापौर होते. त्यामुळे त्यांच्या लेखनात माणसं गोऱ्यांकडे बघत बसलेली नाहीत. ती दुकानाच्या ओट्यावर बसून एकमेकांची टर उडवतात, थापा मारतात, खेचराच्या मयताचा सोहळा करतात. पुढे हर्स्टन न्यूयॉर्कला शिकल्या, फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली तयार झाल्या, आणि दक्षिणेत परत जाऊन लोककथा गोळा करत फिरल्या. ही कादंबरी त्यांनी हैतीमध्ये असताना सात आठवड्यांत लिहिली. जेनीचा पहिला नवरा तिला कामाला जुंपतो. दुसरा तिला महापौराची बायको म्हणून ओट्यावर मिरवतो, पण तोंड उघडू देत नाही आणि केस बांधून ठेवायला लावतो. तिसरा, टी केक, वयाने तिच्यापेक्षा लहान, खिशात दमडी नाही, पण तो तिला पटावरचा खेळ शिकवतो. आजवर कुणाला तिच्याशी खेळावंसंही वाटलं नव्हतं! मग येतं 1928 चं ओकीचोबी सरोवराचं वादळ. त्यापुढचं सांगत नाही.

हर्स्टन 1960 मध्ये गरिबीत वारल्या. कबरीवर नावसुद्धा नव्हतं. 1973 मध्ये अॅलिस वॉकर ही तरुण लेखिका गवतातून वाट काढत ती जागा शोधायला गेली आणि तिने तिथे दगड बसवला. आज त्यांची पुस्तकं मिळतात त्यामागे या शोधाचा मोठा वाटा आहे. वॉकर यांची स्वतःची 'द कलर पर्पल' 1982 ची. देवाला आणि बहिणीला लिहिलेल्या पत्रांची ही कादंबरी त्यानंतर वाचा. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की एका लेखिकेने दुसरीकडून काय घेतलं ते आपोआप दिसतं.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. हर्स्टनच्या पात्रांचे संवाद त्यांच्या बोलीत आहेत आणि स्पेलिंगही उच्चारानुसार केलेलं आहे. डोळ्यांनी वाचायला गेलात तर पहिल्याच पानावर अडाल. मोठ्याने वाचा. आपण एखादी गावरान कथा मनात वाचताना अडखळतो आणि कुणी वाचून दाखवली की लगेच उमगते, तसंच होतं. तुमच्या रंगभूमीवाल्या मैत्रिणीला पहिलं प्रकरण वाचून दाखवायला सांगा. या पुस्तकाचं रूबी डी या अभिनेत्रीने केलेलं ध्वनिमुद्रण आहे. ते मिळालं तर पुस्तक समोर उघडं ठेवून ऐका. इंग्रजी सावकाश वाचणाऱ्यांसाठी याहून चांगली युक्ती मला माहीत नाही.

रहस्यकथावाल्या ताईंनी वॉल्टर मोझली यांच्यापासून सुरुवात करावी. 'डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस', 1990. काळ 1948 चा, शहर लॉस एंजेलिस. ईझी रॉलिन्स दुसऱ्या महायुद्धातून परतलेला आहे, विमानाच्या कारखान्यातली नोकरी नुकतीच गेली आहे, आणि डोक्यावर घराच्या कर्जाचा हप्ता आहे. एक गोरा माणूस त्याला पैसे देऊन एका तरुणीचा माग काढायला सांगतो. ती कृष्णवर्णीयांच्या जॅझ क्लबांत जाते, जिथे त्या गोऱ्याला कुणी थारा देणार नाही, म्हणून हे काम ईझीकडे. मला या पुस्तकातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ईझीचं त्या छोट्या घरावरचं, अंगणातल्या झाडांवरचं प्रेम. खुनाचा तपास करताना तो सतत हप्त्याचा हिशोब करत असतो. ज्याच्या बापजाद्यांना स्वतःच्या देहाचीही मालकी नव्हती, त्या माणसाला चार भिंतींची मालकी काय वाटत असेल, हे मोझली कुठेही भाषण न करता सांगून जातात. गुप्तहेर पोलिसांना घाबरतो, कारण पोलीस त्याला केवळ रंगावरून आत टाकू शकतात. त्यामुळे रहस्यकथेचा सगळा साचाच बदलतो.

त्यांच्या आधीचे चेस्टर हाइम्स. तरुणपणी दरोड्याच्या गुन्ह्यात ओहायोच्या तुरुंगात गेले आणि तिथेच लिहायला लागले. पुढे फ्रान्सला गेल्यावर एका फ्रेंच संपादकाच्या आग्रहावरून त्यांनी न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या दोन पोलिसांची, कॉफिन एड आणि ग्रेव्ह डिगर यांची मालिका सुरू केली. 'कॉटन कम्स टू हार्लेम' घ्या. धावपळ आणि हसू दोन्ही भरपूर आहे, हिंसाही आहे. आणि आजच्या काळातलं हवं असेल तर अॅटिका लॉक यांची 2017 ची 'ब्लूबर्ड, ब्लूबर्ड'. पूर्व टेक्सासमधलं एक चिमुकलं गाव, पाण्यात सापडलेली दोन प्रेतं, एक कृष्णवर्णीय वकील आणि एक स्थानिक गोरी मुलगी, आणि तपासाला आलेला टेक्सास रेंजर, म्हणजे राज्याचा पोलीस अधिकारी, डॅरेन मॅथ्यूज. कृष्णवर्णीय असून तो त्याच मातीवर जीव लावणारा आहे. अपमान होतो म्हणून गाव का सोडायचं, हा त्याचा प्रश्न तुमच्या बैठकीत नक्की निघेल.

विज्ञानकथांच्या चाहतीसाठी ऑक्टेव्हिया बटलर. त्या 1947 मध्ये कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला जन्मल्या. आई लोकांच्या घरी कामाला जायची आणि मागच्या दाराने आत शिरायची; लहानपणी हे त्यांनी पाहिलेलं होतं. मोठेपणी आपल्याच पिढीतली तरुण मंडळी आधीच्या पिढीला लाचार म्हणून हिणवताना त्यांनी ऐकलं, आणि त्या रागातून 1979 ची 'किंड्रेड' आली. डॅना ही 1976 मधली तरुण लेखिका. ती वारंवार दीडशे वर्षं मागे, मेरीलँडमधल्या एका मळ्यावर ओढली जाते. तिथला रूफस नावाचा गोरा मुलगा जीवघेण्या संकटात सापडला की ती तिथे पोचते. त्याला वाचवणं तिला भाग आहे, कारण तो तिचाच पूर्वज आहे. तो मेला तर ती जन्मालाच येणार नाही. आणि दर खेपेला तो मोठा होत जातो, मालक होत जातो. काळातून मागे जाण्याची कल्पना कितीतरी लेखकांनी वापरली, पण तिचा असा पेच माझ्या तरी वाचनात दुसरा नाही. चाबूक यात आहे. तुमच्या मैत्रिणीला हे आधी सांगा. पण पुस्तक हातातून सुटणार नाही, हेही सांगा. भाषा सोपी, वाक्यं छोटी, आणि दर प्रकरणाच्या शेवटी पुढे काय याची ओढ. माझ्या मते गुलामगिरीवरचं पहिलं पुस्तक म्हणून हेच वाचायला हवं.

बटलर यांचीच 'पॅरेबल ऑफ द सोअर' 1993 ची. तिची कथा सुरू होते जुलै 2024 मध्ये. पाण्याची टंचाई, कुंपणाआड राहणाऱ्या वस्त्या, बाहेर जळणारी घरं, आणि पंधरा वर्षांची लॉरेन, जी पळून जाण्यासाठी गाठोडं बांधून तयार ठेवते आणि कोणती रानटी झाडं खाता येतात ते शिकून घेते. एन. के. जेमिसिन यांची 'द फिफ्थ सीझन' मात्र नंतर. त्या मालिकेच्या तिन्ही भागांना 2016 पासून लागोपाठ तीन वर्षं विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, तसं आधी कुणालाच जमलं नव्हतं. पण सुरुवातीचं जग डोक्यात बसायला वेळ लागतो.

नाटकवाल्या मैत्रिणीला 1959 चं 'अ रेझिन इन द सन' द्या आणि एक बैठक फक्त वाचिक अभिनयासाठी ठेवा. लॉरेन हॅन्सबेरी तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या, आणि कृष्णवर्णीय स्त्रीचं ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर आलेलं हे पहिलं नाटक. शिकागोच्या दक्षिण भागात दोन खोल्यांत तीन पिढ्या राहतात. वडील वारल्यावर विम्याचे दहा हजार डॉलर येणार आहेत. मुलाला दारूचं दुकान काढायचं आहे, मुलीला डॉक्टर व्हायचं आहे, आईला अंगण असलेलं घर हवं आहे. आई गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते, आणि वस्तीतर्फे एक अतिशय सभ्य बोलणारा गृहस्थ येतो: तुम्ही येऊ नका, आम्ही तुम्हाला वर पैसे देतो. हॅन्सबेरींच्या वडिलांनी स्वतः अशा वस्तीत घर घेतलं होतं आणि तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत, 1940 पर्यंत लढवला होता. आडनाव विचारून घर नाकारणारे आपल्याकडेही आहेत, त्यामुळे तो गृहस्थ बोलायला लागला की तुमच्या बैठकीत कुणालाही तो परका वाटणार नाही. पात्रं वाटून घ्या. लीनाचं, म्हणजे आईचं काम सगळ्यात तगड्या आवाजाच्या बाईला द्या.

हे आवडलं तर ऑगस्ट विल्सन यांची 'फेन्सेस'. विल्सन यांनी विसाव्या शतकाच्या प्रत्येक दशकावर एक अशी दहा नाटकं लिहिली, त्यातली नऊ पिट्सबर्गच्या एकाच मोहल्ल्यात घडतात. 'फेन्सेस'मधला ट्रॉय कचऱ्याच्या गाडीवर कामाला आहे. कधीकाळी उत्तम बेसबॉल खेळायचा, पण त्याच्या काळात मोठ्या संघांची दारं त्याच्या रंगाला बंद होती. आता मुलाला खेळातून शिष्यवृत्ती मिळत असताना तोच आडवा येतो. बापाचं चुकतंय हे दिसत असतानाही त्याचं म्हणणं खोडता येत नाही, ही विल्सन यांची ताकद.

डब्यांचा व्यवसाय करणाऱ्या ताईंसाठी एडना लुइस यांचं 'द टेस्ट ऑफ कंट्री कुकिंग', 1976. व्हर्जिनियातलं फ्रीटाउन हे गाव गुलामीतून सुटलेल्या कुटुंबांनी वसवलं, त्यांत लुइस यांचे आजोबाही होते. पुस्तक ऋतूंप्रमाणे मांडलेलं आहे. वसंतातली पहिली पालेभाजी, उन्हाळ्यातली फळं, थंडीत डुक्कर कापायचा दिवस, आणि गुलामी संपल्याच्या स्मरणार्थ केलं जाणारं शरदातलं जेवण. केक झाला का हे त्या कान लावून ओळखायला सांगतात: आतली चुळबुळ थांबत आली की उतरवा. पाककृती कदाचित तुम्ही करणार नाही, पण गावातल्या कामाच्या लयीवर इतकं समाधानाने लिहिलेलं पुस्तक विरळा. "सगळं दुःखच" म्हणणाऱ्या मैत्रिणीला खरं तर हेच आधी द्यावं. याच्या पुढची पायरी मायकल ट्विटी यांचं 2017 चं 'द कुकिंग जीन'. स्वतःच्या पूर्वजांचा शोध ते भांड्याकुंड्यांतून आणि शेतांतून घेतात, गुलामांच्या काळच्या मळ्यांवर जाऊन तशाच चुलीवर रांधून बघतात.

प्रेमकथांसाठी बेव्हर्ली जेन्किन्स. 1994 ची 'नाइट साँग': कॅन्ससमध्ये कृष्णवर्णीयांनी वसवलेलं गाव, तिथली शाळेतली बाई आणि घोडदळातला सार्जंट. शेवट गोड. यादवी युद्धानंतर दक्षिण सोडून पश्चिमेकडे गेलेल्या कुटुंबांचा इतिहास आयता पदरात पडतो, पण मुख्य म्हणजे त्या दोघांचं काय होतं याची काळजी लागते, आणि प्रेमकथेने तेवढं केलं की पुरे.

तुमच्या मुलीला कवितेत लिहिलेली पुस्तकं द्या. पानावर शब्द कमी, ओळी छोट्या, त्यामुळे इंग्रजीची धास्ती राहत नाही. जॅकलीन वुडसन यांचं 'ब्राउन गर्ल ड्रीमिंग' हे दक्षिण कॅरोलिना आणि ब्रुकलिन यांच्यामध्ये वाढलेल्या, लिहायची स्वप्नं बघणाऱ्या मुलीचं आत्मकथन आहे. जेसन रेनॉल्ड्स यांचं 2017 चं 'लाँग वे डाउन' त्याहून धारदार. पंधरा वर्षांच्या मुलाचा मोठा भाऊ गोळीने मेला आहे. हा कमरेला पिस्तूल खोचून बदला घ्यायला लिफ्टमध्ये शिरतो. खाली जाताना प्रत्येक मजल्यावर कुणीतरी आत येतं, आणि आत येणारा प्रत्येक जण मेलेला आहे. अख्खी गोष्ट लिफ्ट खाली पोचेपर्यंतची, मिनिटभराची. एका बसकीत वाचून होईल. पण तुम्हीही वाचा, म्हणजे तिला बोलायला कुणी असेल. चित्रकादंबरी आवडत असेल तर जेरी क्राफ्ट यांचं 'न्यू किड': उच्चभ्रू शाळेत नव्याने आलेला, चित्रकार व्हायचं ठरवलेला सातवीतला मुलगा. यात हसायला खूप आहे.

कवितेची बैठक ठेवलीत तर लँग्स्टन ह्यूज यांची 'मदर टू सन' पाठच होईल, इतकी साधी आहे: आई मुलाला सांगते की माझ्या वाट्याला आलेला जिना गुळगुळीत नव्हता, तरी मी चढतेच आहे. ग्वेंडोलिन ब्रुक्स यांची 'वी रिअल कूल' इंग्रजीत अवघ्या चोवीस शब्दांची आहे. शाळा सोडून बिलियर्डच्या अड्ड्यावर बसलेली सात पोरं तिच्यात बोलतात. तीही मोठ्याने वाचा, आणि शेवटची सोडून प्रत्येक ओळीच्या टोकाशी लोंबकळणाऱ्या 'वी'वर क्षणभर थांबा.

जेम्स बाल्डविन यांच्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. लोक त्यांच्या कादंबऱ्यांपासून सुरुवात करायला सांगतात. मी निबंधांपासून सांगेन. 'नोट्स ऑफ अ नेटिव्ह सन' हा शीर्षकनिबंध वाचा. 1943 च्या जुलैअखेर त्यांचे वडील वारले, त्याच दिवशी धाकटी बहीण जन्मली, आणि अंत्यविधी झाला तो बाल्डविन यांच्या एकोणिसाव्या वाढदिवशी. त्याच सुमारास हार्लेममध्ये दंगल उसळली. वडील कडवट, संशयी, मुलांना धाकात ठेवणारे. हा मुलगा त्यांचा द्वेष करत मोठा झालेला. फुटलेल्या काचांच्या रस्त्याने शवयात्रा जाते आणि त्याला उमगतं की वडिलांना ज्या रागाने खाल्लं तोच राग आता आपल्यात आहे. वडिलांशी कधीच न जुळलेल्या कुठल्याही माणसाने हा निबंध वाचावा, तो कुठल्याही देशाचा असो. कथाच हवी असेल तर 'सनीज ब्लूज'. गणित शिकवणारा मोठा भाऊ वर्तमानपत्रात वाचतो की धाकट्याला हेरॉइनसाठी पकडलं. जॅझचं ओ की ठो माहीत नसलं तरी शेवटची पानं वाचताना माणूस पियानो का वाजवतो ते कळतं.

इतिहास कुणाला हवा असेल तर इझाबेल विल्करसन यांचं 'द वॉर्म्थ ऑफ अदर सन्स', 2010. 1915 ते 1970 दरम्यान सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून उत्तरेला आणि पश्चिमेला गेले. विल्करसन यांनी बाराशेहून अधिक लोकांशी बोलून त्यांतल्या तिघांची आयुष्यं निवडली. त्यातले रॉबर्ट फॉस्टर हे शल्यविशारद. लुइझियानातून गाडी चालवत ते कॅलिफोर्नियाला निघतात, आणि अॅरिझोनाच्या रस्त्यावर एकामागून एक मोटेल त्यांना खोली नाकारतं. शिक्षण, हुद्दा, चांगला सूट, कशाचा उपयोग नाही. पुस्तक जाडजूड आहे, दोन महिने द्या. त्यांचंच 2020 चं 'कास्ट' आपल्याकडे जास्त चर्चेत आलं, कारण त्यात भारतातली जातव्यवस्था आणि बाबासाहेब आंबेडकर येतात. पण भारताचा भाग त्यात मला पातळ वाटला. माणसं भेटतात ती आधीच्या पुस्तकात.

आणि हे नातं आपल्या बाजूने बरंच जुनं आहे, ते गटाला जरूर सांगा. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेब न्यूयॉर्कला ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले ते हार्लेमला लागूनच आहे, आणि 1946 मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं. 1972 मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या तरुणांनी संघटना उभी केली तेव्हा दलित पँथर हे नाव थेट अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतलं. तुमच्यापैकी ज्यांनी मराठीतली दलित आत्मकथनं वाचली आहेत, त्यांना या पुस्तकांत ओळखीच्या जागा सापडतील. फक्त तुलना करण्याच्या घाईत गोष्ट सोडू नका. जेनी ही आधी जेनी आहे.

ज्या मैत्रिणीने प्रश्न विचारला तिच्यासाठी एक पुस्तक राखून ठेवलं आहे: पर्सिव्हल एव्हरेट यांची 2001 ची 'इरेजर'. एका प्राध्यापक लेखकाला प्रकाशक सांगत राहतात की तुझी पुस्तकं पुरेशी कृष्णवर्णीय नाहीत. झोपडपट्टी, बंदुका, शिव्या हव्यात. संतापून तो टोपणनावाने तशी एक भडक कादंबरी खरडतो, आणि तीच डोक्यावर घेतली जाते. आईचं विस्मरण वाढतंय, पैसे हवेत, त्यामुळे त्याला ते नाकारताही येत नाही. या लेखकांकडून सगळे फक्त दुःखच का मागतात, हा तिचाच प्रश्न, तिकडच्या लेखकाने आतून विचारलेला. एव्हरेट यांची 2024 ची 'जेम्स' ही मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन' या कादंबरीतल्या जिम या गुलामाने स्वतः सांगितलेली गोष्ट आहे. तिला 2025 चं पुलित्झर मिळालं. सोपी आहे, वेगवान आहे, आणि मूळ पुस्तक वाचलेलं नसलं तरी काही बिघडत नाही.

पुस्तकांच्या किमतीचा विचार तुम्ही करत असालच. नवी पुस्तकं आठ प्रतींत घेणं परवडणारं नाही, दोन घेऊन फिरवा. जुनी मात्र इंटरनेटवर प्रोजेक्ट गटेनबर्गवर मोफत आणि कायदेशीर मिळतात. त्यात हॅरिएट जेकब्ज यांचं 1861 चं आत्मकथन आहे. मालकाच्या नजरेपासून वाचण्यासाठी ही बाई जवळजवळ सात वर्षं आजीच्या घराच्या माळ्यावर, जिथे उभंही राहता येत नव्हतं अशा जागेत लपून राहिली आणि फटीतून आपली मुलं खेळताना बघत राहिली. आणि त्यात आहे फ्रेडरिक डग्लस यांचं 1845 चं आत्मकथन, जेमतेम शंभर पानांचं. बाल्टिमोरमधली मालकीण लहानग्या डग्लसला मुळाक्षरं शिकवायला लागते, आणि नवरा तिला थांबवतो: गुलामाला वाचायला आलं तर तो गुलाम राहणार नाही. त्या एका वाक्याने मुलाला समजतं की सुटकेची वाट कुठून जाते. मग तो खिशात पाव घेऊन रस्त्यावर जातो आणि गरीब गोऱ्या पोरांना पावाच्या बदल्यात अक्षरं शिकवायला लावतो. आपण पळालो कसे, हे मात्र त्यांनी या पुस्तकात मुद्दाम सांगितलेलं नाही, कारण त्याच वाटेने अजून लोक पळत होते.

मोबाइलवर उतरवून आठही जणींना पाठवा. पूर्ण वाचायला वेळ नसेल तर डग्लस यांचं सहावं आणि सातवं प्रकरण तेवढं बैठकीआधी वाचून यायला सांगा.